डोंगरवाटेवरील जीप आणि तापणारे एंजिन
शीतन-व्यवस्थेतील बिघाड क्रमाने कसा शोधावा

घाटमाथ्यावरील वाड्यावस्त्या, जंगलातील चौक्या आणि नदीपलीकडील शाळा यांना जोडणारे वाहन म्हणून जीपचे स्थान आपल्याकडे फार जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी तयार झालेली ही गाडी स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात आपल्या देशात जुळवली जाऊ लागली आणि पुढे सरकारी खाती, साखर कारखाने, दवाखाने व शेतकरी या सर्वांच्या सेवेत रुजू झाली. आज तिच्या जोडीला चारही चाकांना गती देणाऱ्या नव्या बांधणीच्या अनेक गाड्या आल्या आहेत. गोव्यात कुळ्याहून दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या जीपगाड्या पावसाळा सरल्यावर ओढ्यांच्या पात्रांतून वाट काढीत जातात. सत्तरी तालुक्यातील रानवाटा असोत, चोर्ला घाटाची चढण असो की बेळगावकडील मुरमाड रस्ते असोत, या सर्व ठिकाणी एंजिनावर पडणारा भार डांबरी सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. अशा वाटेवर चालकाला सर्वाधिक भेडसावणारा बिघाड म्हणजे एंजिन तापणे.

हा बिघाड अचानक उद्भवल्यासारखा वाटतो, परंतु बहुधा तो कित्येक दिवस अगोदर सूचना देत असतो. त्या सूचना ओळखता याव्यात आणि बिघाड शोधताना अंदाजाने भाग बदलण्याऐवजी क्रमाने तपासणी करता यावी, या हेतूने प्रस्तुत पाठ लिहिला आहे.

एक उदाहरण

एका डोंगराळ वाडीवरील जीपची हकीकत येथे उदाहरणादाखल घेऊ. ही डिझेलवर चालणारी जीप वाडीतील माणसांची आणि मालाची ने-आण करीत असे. पावसाळ्याच्या अखेरीस तिचा तापमापक काटा घाट चढताना वर जाऊ लागला. सपाटीवर आली की काटा पुन्हा खाली येई, म्हणून कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे एका मिस्त्रीने "थर्मोस्टॅट काढून टाका, म्हणजे पाणी मोकळे फिरेल," असा सल्ला दिला व तो अमलातही आणला. त्यानंतर सकाळच्या वेळी काटा बराच वेळ थंडच्या खुणेवर राहू लागला आणि डिझेल अधिक लागू लागले. घाटातील तापणे मात्र थांबले नाही. उलट ते वाढले.

एके दिवशी बाळंतपणासाठी एका स्त्रीला आरोग्य केंद्रात नेत असताना चढावर वळणापाशी बॉनेटमधून वाफ येऊ लागली. चालकाने घाईघाईने उतरून रेडिएटरचे झाकण उघडले. उकळते पाणी उसळून त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. नंतर कोणीतरी ओढ्याचे थंडगार पाणी आणून ते तापलेल्या एंजिनात ओतले. मागून आलेल्या एका ट्रकने त्या स्त्रीला वेळेत आरोग्य केंद्रात पोहोचविले आणि बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. जीपचे सिलिंडर हेड मात्र वाकले, गॅस्केट फुटले आणि गाडी सतरा-अठरा दिवस गॅरेजमध्ये अडकून पडली. तेवढे दिवस त्या वाडीला दुसरे वाहन नव्हते.

येथे तीन चुका झाल्या. सूचनेकडे दुर्लक्ष झाले, कारण न शोधता भाग काढला गेला आणि ऐन प्रसंगी झाकण उघडून थंड पाणी ओतले गेले. या तिन्ही चुका का घडल्या व त्या कशा टाळता आल्या असत्या, हे समजण्यासाठी प्रथम शीतन-व्यवस्थेचे कार्य पाहू.

शीतन-व्यवस्थेचे कार्य

एंजिनात जळणाऱ्या इंधनातील सर्व उष्णतेचे रूपांतर चाके फिरविण्यात होत नाही. स्थूलमानाने एक तृतीयांश उष्णता उपयुक्त कामी येते, तितकीच धुरावाटे बाहेर पडते आणि उरलेली बव्हंशी शीतकात, म्हणजे एंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात, उतरते. हे प्रमाण किती मोठे आहे याची कल्पना एका हिशेबाने येईल. एक लिटर डिझेल जळाले असता त्यातील केवळ चौथा हिस्सा उष्णता पाण्याकडे गेली असे धरले, तरी तेवढ्या उष्णतेने तीसएक लिटर पाणी ३० अंश सेल्सियसपासून उकळण्याच्या बिंदूपर्यंत तापेल. जीपच्या व्यवस्थेत पाणी सामान्यतः आठ-दहा लिटरच असते. याचा अर्थ असा की, ही उष्णता क्षणोक्षणी हवेत सोडून दिली नाही, तर चढावर काही मिनिटांतच पाणी उकळू लागेल.

ही उष्णता बाहेर टाकण्याच्या कामी पुढील भाग एकमेकांना साहाय्य करतात. पाण्याचा पंप पाणी एंजिनातून फिरवितो. तापलेले पाणी वरच्या होजमधून रेडिएटरमध्ये जाते. रेडिएटरमध्ये अरुंद नळ्या असून त्यांच्या भोवती पत्र्याच्या अत्यंत पातळ पट्ट्यांची जाळी असते. नळ्यांतील उष्णता जाळीकडे आणि जाळीतील उष्णता हवेकडे जाते. गाडी वेगात असेल तेव्हा समोरून वारा आपोआप येतो, परंतु गाडी सावकाश चढत असेल किंवा चिखलात रुतली असेल तेव्हा सर्व भार पंख्यावर पडतो. थंड झालेले पाणी खालच्या होजमधून पुन्हा एंजिनाकडे परतते.

रेडिएटरचे झाकण हे केवळ पाणी सांडू नये म्हणून बसविलेले नसते. त्यातील स्प्रिंग व रबरी चकती व्यवस्थेत दाब राखून ठेवतात. पाण्यावरील दाब वाढला की त्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.९ किलोग्रॅम इतका जादा दाब राखणाऱ्या झाकणाखाली साधे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ११८ अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. झाकणाची रबरी चकती कडक होऊन चिरली, तर हा दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून वाफेच्या रूपाने निघून जाते. डोंगरावर ही उणीव अधिक जाणवते, कारण उंचीबरोबर हवेचा दाब घटतो व दर ३०० मीटर उंचीमागे उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने खाली येतो. महाबळेश्वरच्या सुमारे १३७० मीटर उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते.

थर्मोस्टॅट म्हणजे काय?

एंजिन फार तापणे जसे वाईट, तसेच ते फार थंड राहणेही हितकारक नसते. थंड एंजिनात इंधन पुरतेपणी जळत नाही, ऑइलमध्ये ओलावा साठून गाळ तयार होतो आणि सिलिंडरची झीज वाढते. म्हणून एंजिन लवकर तापावे आणि नंतर योग्य तापमानावर स्थिर राहावे, यासाठी पाण्याच्या मार्गात एक स्वयंचलित झडप बसविलेली असते. तीच थर्मोस्टॅट होय.

आज प्रचारात असलेल्या बहुतेक थर्मोस्टॅटमध्ये पितळेची एक लहान डबी असते व तीत विशिष्ट प्रकारचे मेण भरलेले असते. ठराविक तापमानाला हे मेण वितळून प्रसरण पावते आणि एका दांड्याला रेटा देते. त्या रेट्याने झडप उघडते. पाणी निवले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडपेला पुन्हा बंद करते. झडप कोणत्या तापमानाला उघडू लागते तो आकडा, उदाहरणार्थ ८२, बहुधा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट साधारणतः ९५ अंशांच्या सुमारास पूर्ण उघडतो.

झडप बंद असताना पाणी अजिबात फिरत नाही असे नव्हे. ते एका लहान आडमार्गाने रेडिएटर टाळून एंजिनातच फिरत राहते. अनेक एंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकास दुसरी एक चकती असते. मुख्य झडप उघडत जाते तसतशी ही चकती आडमार्ग बंद करीत जाते. आता उदाहरणातील जीपचे कोडे उलगडेल. थर्मोस्टॅट काढून टाकल्याने आडमार्ग बंद करणारी चकतीही गेली. परिणामी तापलेल्या पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच एंजिनात परतू लागला. सकाळी एंजिन गरजेपेक्षा थंड राहिले आणि चढावर गरजेपेक्षा अधिक तापले. म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

गाडी केव्हा तापते, हा पहिला प्रश्न

रोग्याची तपासणी करताना वैद्य जसा ताप केव्हा येतो हे प्रथम विचारतो, तसेच येथेही करावे. तापण्याची वेळ कळली म्हणजे कारणांची व्याप्ती पुष्कळच कमी होते.

(१) एंजिन सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत काटा झपाट्याने वर जात असेल, तर पाणी अत्यंत कमी असणे, थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकणे, पंप न फिरणे किंवा हेड गॅस्केट फुटणे यांपैकी कारण संभवते.

(२) सपाट रस्त्यावर वेगात असताना गाडी ठीक, परंतु चढावर, वाळूत, चिखलात किंवा जागेवर उभी असताना तापत असेल, तर हवेचा प्रवाह अपुरा पडत आहे असे समजावे. पंख्याचा सैल पट्टा, बिघडलेला पंखा, पंख्याभोवतीचे तुटलेले आवरण आणि चिखलाने भरलेली रेडिएटरची जाळी ही त्याची प्रमुख कारणे होत.

(३) याउलट, सावकाश चालताना ठीक, पण वेगात किंवा लांबच्या पल्ल्यात तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचले असतील, खालचा होज ओढीने चपटा होत असेल किंवा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत असेल.

(४) काटा कधी वर, कधी खाली असा अस्थिर राहत असेल, तर व्यवस्थेत हवा अडकली आहे किंवा पाणी कमी झाले आहे. क्वचित काट्याच्या तारेची जोडणी सैल असते.

(५) काटा बराच वेळ थंडच राहत असेल, तर थर्मोस्टॅट उघड्या स्थितीत अडकला आहे किंवा तो कोणीतरी काढून टाकला आहे.

येथे एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. तापमापकाचा संवेदक पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरे तापमान दाखवितो. पाणी पार निघून गेले आणि तो कोरडा पडला, तर काटा खाली येऊ शकतो. चढावर तापलेल्या गाडीचा काटा काहीही कारण नसताना एकाएकी खाली आला, तर समाधान मानू नये. गाडी तत्काळ थांबवावी.

तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी सोप्या व बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू करावी आणि खर्चाच्या गोष्टींकडे शेवटी वळावे. पुढील सर्व कामे, जेथे वेगळे सांगितले आहे ती वगळून, एंजिन पूर्ण थंड असताना व बंद ठेवून करावीत.

पाण्याची पातळी व गळती. रेडिएटर व जोडटाकी दोन्ही पाहावीत. पाणी वारंवार कमी होत असेल तर ते कोठे जाते ते शोधावे. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरून ठेवल्यास सकाळी थेंबांच्या खुणांवरून गळतीची जागा कळते. पंपाच्या पोटाशी एक लहान छिद्र असते. त्यातून पाणी ठिबकत असल्यास पंपाचे सील झिजले आहे असे समजावे. हे छिद्र बुजवू नये. होज दाबून पाहावेत. ते मऊ लिबलिबीत झाले असतील, फुगले असतील किंवा त्यांवर चिरा पडल्या असतील, तर बदलावेत.

झाकण. रबरी चकती मऊ व अखंड आहे का, स्प्रिंग दबून पुन्हा उसळी घेते का, ते पाहावे. गाडीसाठी सांगितलेल्या दाबाचेच झाकण वापरावे. ही वस्तू स्वस्त आहे, परंतु तिच्याकडेच सर्वात कमी लक्ष दिले जाते.

पंखा व पट्टा. दोन कप्प्यांमधील लांब अंतराच्या मध्यावर अंगठ्याने दाबले असता पट्टा सुमारे १२ मिलिमीटर दबावा. त्याहून फार अधिक दबल्यास तो घसरतो. पट्ट्याच्या आतल्या कडा आरशासारख्या चकाकत असतील, तर तो घसरत असल्याची ती खूण होय. नव्या गाड्यांत विजेवर चालणारा पंखा असल्यास एंजिन तापल्यावर तो आपोआप सुरू होतो की नाही, हे दुरूनच पाहावे. असा पंखा एंजिन बंद केल्यावरही एकाएकी फिरू लागतो, म्हणून त्याच्या पात्यांजवळ हात नेऊ नये.

रेडिएटरची जाळी. रानवाटेवरील गाडीत दोष बहुधा येथेच सापडतो. तांबड्या मातीचा चिखल, गवताची कुसळे, पतंग आणि वाळलेली पाने जाळीच्या पट्ट्यांत घट्ट बसतात. वातानुकूलन असलेल्या गाडीत पुढे आणखी एक जाळी असते व दोहोंच्या मध्ये साचलेला कचरा बाहेरून दिसतच नाही. संध्याकाळी रेडिएटरच्या मागे विजेरी धरून समोरून पाहावे. जेथून प्रकाश आरपार येत नाही, तेथून वाराही जात नाही. जाळी धुताना पाणी एंजिनाच्या बाजूकडून पुढच्या बाजूकडे, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, मारावे. धार जोराची असू नये, कारण तिने पट्ट्या वाकतात. सुकलेला चिखल आधी भिजू द्यावा आणि मग मऊ कुंचल्याने काढावा. लोखंडी तार किंवा खराटा वापरू नये.

रेडिएटरच्या आतील क्षार. गाडी व्यवस्थित तापवून थांबविल्यानंतर, एंजिन बंद करून, पंखा फिरत नाही याची खात्री झाल्यावर जाळीवर जपून तळहात जवळ न्यावा. बाकी भाग गरम असून एखादा पट्टा थंड लागला, तर तेथील नळ्या बुजल्या आहेत. असा रेडिएटर कारागिराकडून साफ करून घ्यावा.

थर्मोस्टॅट. थंड एंजिन सुरू करून वरच्या होजवर अधूनमधून हात ठेवावा. पंखा व पट्टा यांपासून हात, बाही व पदर दूर ठेवावेत. आरंभी होज थंड राहिला आणि काटा मध्यावर येण्याच्या सुमारास तो पटकन गरम झाला, तर थर्मोस्टॅट ठीक आहे. काटा वर गेला तरी होज थंडच राहिला, तर झडप बंद अडकली असण्याचा संभव आहे. होज आरंभापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकली आहे. काही एंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूस असतो. तेथे ही कसोटी लागू पडत नाही.

हेड गॅस्केट. वरील सर्व ठीक असूनही गाडी तापत असेल, तर थंड एंजिनाचे झाकण काढून एंजिन सुरू करावे व पाण्याकडे दुरून पाहावे. आरंभीचे काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात. बुडबुडे सतत येत राहिले आणि एंजिनाची गती वाढविताच ते वाढले, तर जळणाचा वायू पाण्यात शिरत आहे. धुरात सतत पांढरी वाफ दिसणे आणि ऑइल दुधाळ होणे याही त्याच्याच खुणा आहेत. अशी गाडी मुळीच चालवू नये.

यांखेरीज ब्रेक चाकाला धरून राहणे, क्लच घसरणे, ऑइल कमी असणे आणि इंधन जळण्याची वेळ चुकणे या दोषांमुळेही एंजिन तापते. दर्शनी दिवे, पाट्या किंवा सामानाच्या पिशव्या जाळीसमोर टांगण्याची सवय काहीजणांस असते. तीही सोडावी.

थर्मोस्टॅटची परीक्षा: शाळेत करण्याजोगा प्रयोग

ही परीक्षा इतकी सोपी आहे की शिक्षकांना ती विज्ञानाच्या तासाला प्रसरणाचे उदाहरण म्हणून दाखविता येईल. एका पातेल्यात पाणी घ्यावे. थर्मोस्टॅटच्या झडपेत एका दोऱ्याचे टोक चिमटीत धरल्यासारखे अडकवावे आणि दोऱ्याचे दुसरे टोक पातेल्यावर आडव्या ठेवलेल्या काठीला बांधून थर्मोस्टॅट पाण्यात टांगावा. तो तळाला टेकता कामा नये, कारण तळ पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो. शेजारी १०० अंशांहून अधिक तापमान मोजणारा प्रयोगशाळेतील तापमापक धरावा. ताप पाहण्याचा घरगुती तापमापक येथे वापरू नये, तो फुटेल. पाणी मंद आचेवर तापवीत ढवळत राहावे. ज्या क्षणी झडप उघडेल त्या क्षणी दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडेल. ते तापमान टिपून घ्यावे व कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. दोन-चार अंशांचा फरक क्षम्य आहे. पाणी उकळले तरी झडप उघडली नाही, किंवा थंड असतानाच ती उघडी दिसली, तर थर्मोस्टॅट निकामी समजावा. मुलांना उकळत्या पाण्यापासून सुरक्षित अंतरावर बसवावे, हे सांगणे नलगे. या कामासाठी वापरलेले पातेले स्वयंपाकात पुन्हा घेऊ नये.

नवा थर्मोस्टॅट बसविताना मेणाची डबी एंजिनाच्या बाजूस यावी. कडेला लहान छिद्र किंवा हलणारी पिन असल्यास ती वरच्या अंगास ठेवावी, म्हणजे अडकलेली हवा तेथून निघून जाते. बसण्याची जागा खरवडून स्वच्छ करावी आणि गॅस्केट नवे घालावे. नंतर पाणी सावकाश भरून, एंजिन मंद गतीवर चालवून, हवा निघून जाऊ द्यावी व पातळी पुन्हा पूर्ण करावी.

कोणते पाणी भरावे?

खाडीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ असते व त्यातील मीठ धातूला गंज आणते. घाटमाथ्यावरील अनेक विहिरींचे पाणी जड असून त्यातील क्षार तापलेल्या पृष्ठभागावर पुटाच्या रूपाने बसतात. चुलीवरील भांड्याच्या आत जसे पांढरे कीट चढते, तसेच एंजिनाच्या आत चढते आणि ते उष्णता अडवून धरते. म्हणून शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात गंजरोधक शीतक, म्हणजे कूलंट, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळून वापरावे. निम्मे पाणी व निम्मे कूलंट हे प्रमाण सर्वसाधारणपणे प्रचलित आहे. तयार मिश्रणात आणखी पाणी घालू नये. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालावे लागले, तर मुक्कामी पोहोचल्यावर ते लवकर बदलून घ्यावे.

कूलंट चवीला गोड असते, परंतु ते विषारी आहे. जुने कूलंट ओढ्यात, विहिरीजवळ किंवा गोठ्यापाशी ओतू नये. गुरे, कुत्री व लहान मुले यांच्या पोटात ते गेल्यास प्राणांवर बेतते. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची चूक तर कधीही करू नये.

ओढा ओलांडताना

ओढ्यात शिरण्यापूर्वी पाण्याची खोली व तळ पायी जाऊन पाहावा. पाणी ओसंडून वाहत असल्यास गाडी घालूच नये. पाणी पंख्यापर्यंत आले, तर फिरणाऱ्या पात्यांचा रोध वाढून ती पुढे वाकतात व रेडिएटरला छेद देऊ शकतात. म्हणून खोल पाण्यात घाई न करता सावकाश, एकसारख्या गतीने जावे. पलीकडे गेल्यावर जाळीत अडकलेला पाला व गवत लगेच काढावे. दिवसाच्या अखेरीस जाळी धुणे ही गोष्ट तर चालकाने घोड्याला खरारा करण्याइतकीच नित्याची मानावी. चिखल ओला असताना धुतला तर पाच मिनिटांत निघतो. सुकल्यावर तो विटेसारखा कडक होतो.

वाटेत गाडी तापल्यास

काटा तांबड्या खुणेकडे जाऊ लागताच वातानुकूलन बंद करावे. गाडीत हीटर असल्यास तो पूर्ण उघडावा, त्यामुळे काही उष्णता बाहेर पडते. सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी, हॅंडब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावेत. वाफ येत नसेल, पट्टा शाबूत असेल आणि पाणी गळत नसेल, तर एंजिन रिकाम्या गिअरमध्ये किंचित वाढीव गतीवर एक-दोन मिनिटे चालू ठेवावे. काटा खाली येऊ लागला तर ठीक. काटा खाली येत नसेल, वाफ निघत असेल, पट्टा तुटला असेल किंवा पाणी गेले असेल, तर एंजिन त्वरित बंद करावे.

यानंतर झाकणाला हात लावू नये. आत ११० अंशांचे पाणी केवळ दाबामुळे द्रवरूपात असते. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, पाण्याचा काही भाग एका क्षणात वाफ बनतो आणि उरलेले उकळते पाणी तो आपल्याबरोबर बाहेर फेकतो. आपल्या उदाहरणातील चालकाचा हात याच कारणाने भाजला. किमान पाऊण तास थांबावे. मग वरचा होज जाड फडक्याने दाबून पाहावा. तो टणक लागला तर आत दाब आहे असे समजून आणखी थांबावे. तो मऊ लागल्यावर झाकणावर जाड ओले फडके ठेवून, तोंड दूर ठेवून, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे. सुस्कारा पूर्ण थांबल्यावर ते काढावे.

एंजिन कोरडे पडले असल्यास ते पुरते निवेपर्यंत पाणी घालू नये. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडले की धातू विषम प्रमाणात आकसतो आणि हेड वाकते किंवा त्याला तडा जातो. एंजिन निवल्यावर पाणी थोडे थोडे घालावे. रोगी बरोबर असल्यास गाडी निवण्याची वाट पाहत बसू नये. दूरध्वनी लागत असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, अथवा मिळेल त्या वाहनाने रोग्यास पुढे पाठवावे. माणूस आधी, गाडी नंतर, हा क्रम कधीही बदलू नये.

उदाहरणाचा उलगडा

त्या जीपचा रेडिएटर उतरविला तेव्हा जाळीचा खालचा निम्मा भाग ओढ्याच्या चिखलाने व गवताने बुजलेला आढळला. झाकणाची रबरी चकतीही चिरलेली होती. सपाटीवर वाऱ्याच्या जोरावर उरलेली निम्मी जाळी काम भागवीत होती, पण घाटात ती अपुरी पडत होती. म्हणजे मूळ दोष जाळी धुऊन आणि झाकण बदलून दूर झाला असता. थर्मोस्टॅटचा त्यात काही अपराध नव्हता. अखेर नवा थर्मोस्टॅट, नवे झाकण आणि नवे गॅस्केट घालून व हेड घासून सपाट करून गाडी सुरू झाली. खर्च पुष्कळ आला, परंतु वाडीने त्याहून मोठे नुकसान टळले म्हणून समाधान मानले.

खात्याच्या गाड्यांबाबत अधिकाऱ्यांनीही एवढे करावे. गाडीच्या नोंदवहीत रोज घातलेल्या पाण्याचे प्रमाण लिहिण्यासाठी एक रकाना ठेवावा. ज्या गाडीत दर दिवसाआड पाणी घालावे लागते ती गाडी उद्या कोठेतरी थांबणार आहे, हे त्या रकान्यावरून आजच कळेल. चालकाने दिलेली तोंडी तक्रार विसरली जाते, लिहिलेला आकडा मात्र टिकतो.

थोडक्यात लक्षात ठेवावे

रोज सकाळी थंड एंजिनात पाण्याची पातळी व गाडीखालील जागा पाहावी. आठवड्यातून एकदा पट्टा, होज व झाकण तपासावे. रानवाटेवरून आल्यावर जाळी धुवावी. थर्मोस्टॅट बिघडला असल्यास बदलावा, पण काढून टाकू नये. तापलेल्या एंजिनाचे झाकण उघडू नये व त्यात थंड पाणी ओतू नये.

स्वाध्याय

१. सपाटीवर ठीक चालणारी गाडी केवळ चढावर तापते. प्रथम कोणते भाग तपासाल व का?
२. तापलेल्या गाडीचा काटा एकाएकी खाली आला, तर ते शुभचिन्ह का मानू नये?
३. थर्मोस्टॅट काढून टाकल्याने काही एंजिने अधिक तापतात, याचे कारण आकृती काढून स्पष्ट करा.
४. आपल्या गावातील विहिरीचे पाणी उथळ ताटलीत घेऊन उन्हात पूर्ण आटू द्या. ताटलीत काय उरते ते पाहा आणि ते रेडिएटरमध्ये वर्षभर साचत गेल्यास काय होईल, याचा विचार करा.